पिशवी काढण्याची घाई कुणाला?

वस्तीतल्या चाळिशी ओलांडलेल्या बाईला विचारा, ती हळूच सांगेल, "अंगावर फार जातं." नाही विचारले तर सांगणारही नाही. तासादोन तासाला कापड बदलावे लागते, गाठी पडतात, आठ-आठ दिवस थांबत नाही, चालताना धाप लागते. तरी ती कामावर जाते. शेवटी खासगी दवाखाना गाठते आणि पहिल्याच भेटीत निकाल लागतो : पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल!

या निकालाचे काय होते, ते बीड जिल्ह्याने दाखवले. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आकडा आला. पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे सहा जणींमागे एक! नवरा-बायको मिळून एक कोयता. खाडा झाला की मुकादम दंड कापणार. फडावर ना संडास, ना आडोसा. अशा ठिकाणी पाळी हाच आजार वाटू लागला, तर त्यात त्या भगिनींचा काय दोष? ऑपरेशनचा खर्चही पुन्हा उचल घेऊनच भागवायचा.

पाळी जाण्याआधीच्या काही वर्षांत हार्मोनचा तोल बिघडतो. दर महिन्याला बीज सुटत नाही, आतले अस्तर जाड होते आणि मग एकदम जाते. कधी फायब्रॉइडची गाठ असते, कधी थायरॉइड. म्हणून आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सोनोग्राफी, पंचेचाळिशीनंतर अस्तराचा तुकडाही तपासायला हवा. त्यानंतर लोहाच्या गोळ्या, रक्तस्राव कमी करणारे ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड, हार्मोनच्या गोळ्या किंवा हार्मोन सोडणारे साधन गर्भाशयात बसवणे, असे उपाय आहेत. (साधी तांबी नव्हे, तिने रक्तस्राव वाढू शकतो.) कोणाला काय चालेल ते डॉक्टरांनीच ठरवावे. काहींना ऑपरेशन खरोखरच लागते, त्याला आमचा विरोध नाही. पण पिशवीबरोबर बीजकोषही काढले, तर ऐन चाळिशीत हाडे ठिसूळ होऊ लागतात. हे सहीआधी किती जणींना सांगितले जाते?

कायदा इथे मुका नाही. दिल्लीतील ४४ वर्षांच्या एका महिलेला अशाच रक्तस्रावासाठी दुर्बिणीच्या तपासणीला नेले आणि ती भुलीखाली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय व बीजकोष काढले. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठणकावले, की तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे, आणि सज्ञान स्त्रीच्या वतीने दुसऱ्याने होकार देऊन चालत नाही. भरपाई मात्र अवघी २५,००० रुपये! एप्रिल २०२३ मध्ये याच न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करण्यास राज्यांना सांगितले. त्या आपल्या तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचल्या का, हे कार्यकर्त्यांनी जाऊन विचारावे.

आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बायांच्या हातात बहुतेक वेळा एकही कागद नसतो. कागद मागा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. त्या घेऊन सरकारी रुग्णालयात दुसरा सल्ला घ्या. सही त्यानंतर.