नवी वस्ती आणि गावची शाळा

मनुष्य घर बांधतो तेव्हा तो केवळ चार भिंती आणि एक छप्पर उभारीत नाही. त्या घराबरोबर गावच्या पाण्यावर, वाटेवर, बाजारावर आणि शाळेवरही तो आपला हक्क सांगत असतो. पूर्वी गावात एखादे नवे बिऱ्हाड आले, तर हा हक्क कोणाच्या ध्यानातही येत नसे. विहिरीवर एक घागर वाढे, शाळेत एक पाटी वाढे आणि गावगाडा पूर्वीसारखाच चालू राही. परंतु ज्या गावाच्या शिवारात एका वर्षात पाचशे बिऱ्हाडे येऊन राहतात, त्या गावाची गोष्ट निराळी. तेथे पाणी कमी पडले, तर दुसऱ्याच दिवशी ओरड होते. रस्ता अपुरा पडला, तर तासाभरात वाहनांची रांग लागते. शाळा अपुरी पडली, तर मात्र फारसा गवगवा होत नाही. मुले एकमेकांना खेटून बसतात, शिक्षकाचा शब्द मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही, आणि काय गमावले हे कळावयास दहा वर्षे लागतात. या मूक टंचाईचा विचार म्हणूनच अधिक काळजीपूर्वक केला पाहिजे.

पुणे शहराच्या भोवतालचा मुलूख पाहिला म्हणजे या प्रश्नाचे स्वरूप सहज कळते. पिंपरी, चिंचवड, भोसरी ही एके काळची खेडी. तेथे कारखाने आले, १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत त्या नगरीची वस्ती सुमारे १० लाख होती. २०११ मध्ये ती १७ लाखांवर गेली. याच दहा वर्षांत साऱ्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ७२ लाखांवरून ९४ लाखांवर पोहोचली. हिंजवडी, वाघोली, खराडी अशा गावांत जेथे ज्वारीची शेते डोलत होती, तेथे दहा-दहा, वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. गावची शाळा मात्र बांधली गेली होती ती गावाच्या मापाने. काही खोल्या, पुढे लहानसे अंगण, ध्वजाचा खांब आणि एखादा कडुनिंब, एवढाच तिचा पसारा. तो गावाला पुरेसा होता. शहराला तो कसा पुरावा?

थोडा हिशेब करून पाहिला तर हे अधिक स्पष्ट होईल. समजा, एका वसाहतीत ५०० घरे आहेत आणि दर चार घरांमागे पहिली ते पाचवीच्या वयाचे एकच मूल आहे. तरीही १२५ मुले झाली. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा जो कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला, त्याच्या परिशिष्टानुसार एवढ्या मुलांना पाच शिक्षक हवेत, आणि प्रत्येक शिक्षकामागे निदान एक वर्गखोली हवी. म्हणजे एका वसाहतीसाठी पाच खोल्यांची एक संपूर्ण शाळाच झाली! अशा दहा वसाहती एकाच गावात उभ्या राहिल्या, तर पन्नास खोल्या लागतील. घरांचा नकाशा मंजूर होताना जिना किती रुंद, वाहनतळ किती लांब याची मोजणी बारकाईने होते. त्या घरांत वाढणाऱ्या मुलांनी बसावे कोठे, याचीही मोजणी तितक्याच बारकाईने व्हावयास नको काय?

यावर कोणी असे म्हणेल की, नव्या घरांतील बहुतेक मुले बसगाडीत बसून दूरच्या खाजगी शाळांत जातात. मग सार्वजनिक शाळेवर भार पडतोच कोठे? या म्हणण्यात काही तथ्य आहे, पण अर्धेच. प्रत्येक मोठ्या वसाहतीबरोबर दुसरी एक वस्ती नकळत येत असते. इमारत उभारणारे गवंडी आणि बिगारी, दारावरचे पहारेकरी, गाडी हाकणारे चालक, घरोघरी धुणेभांडी करणाऱ्या बाया, कोपऱ्यावरचे भाजीवाले या साऱ्यांची बिऱ्हाडे जवळपासच कोठे तरी भाड्याच्या खोल्यांत किंवा पत्र्याच्या झोपड्यांत राहतात. त्यांच्या मुलांना जवळची सार्वजनिक शाळा हाच एक आधार असतो. इमारतीच्या जाहिरातीत या मुलांचा उल्लेख नसतो आणि घरांच्या संख्येतही ती मोजली जात नाहीत. परंतु शाळेच्या पटावर ती येतात, आणि यावीत हेच योग्य आहे. ज्याच्या बापाने शंभर घरांच्या भिंती रचल्या, त्या मुलाला एका वर्गाच्या भिंतींआड जागा मिळू नये, हे कोणत्याही समाजाला शोभणारे नाही.

घरे झपाट्याने वाढतात आणि शाळा मागे का राहते, याची कारणे शोधू गेल्यास मुख्यतः तीन सापडतात. पहिले कारण जमिनीचे. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार विकास योजनेत शाळा, क्रीडांगण, उद्यान यांसाठी जागा राखून ठेवता येतात. परंतु नकाशावर रंग भरणे निराळे आणि जमीन ताब्यात घेणे निराळे. योजना अंमलात येऊन दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो. आणि त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत पाऊल उचलले गेले नाही, तर ते आरक्षणच संपुष्टात येते. मालकाची जमीन वर्षानुवर्षे अडकवून ठेवणे अन्यायाचे, हे खरे. तथापि शेत असताना जी जमीन आवाक्यात होती, ती सभोवार इमारती उठल्यावर आवाक्याबाहेर जाते. विलंबाची किंमत शेवटी मुलेच मोजतात. दुसरे कारण शिक्षकांचे. शाळेचा पट पाहून शिक्षकांची पदे मंजूर होतात. त्यामुळे मुले आधी येतात आणि शिक्षक मागाहून येतो. मधल्या काळात एकच शिक्षक दोन वर्ग सांभाळतो. तिसरे कारण कारभाराचे. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे घेण्यात आली. अशा स्थित्यंतरात जिल्हा परिषदेने उभारलेली शाळा आता कोणी वाढवावी, या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत एखाद्या मुलाची चौथी संपूनही जाते.

या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नव्या इमारतींनी शाळा भरते, तशीच कधी ती रितीही होते. मुंबईचे गिरणगाव हे याचे उदाहरण होय. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर आणि कित्येक चाळींच्या जागी उत्तुंग इमारती आल्या, आणि अनेक कामगार कुटुंबे डोंबिवली, कल्याण, विरार या बाजूंना गेली. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाखांहून अधिक होती, ती २०११ मध्ये ३१ लाखांच्याही खाली उतरली. त्याच काळात तत्कालीन ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून ११० लाखांवर चढली. माणसे गेली, पण शाळेची इमारत उचलून माणसांमागे नेता येत नाही. एकीकडे बाक रिकामे आणि दुसरीकडे बसायला बाक नाही, अशी विषम स्थिती मग निर्माण होते. शिवाय नव्या वसाहतीत बहुतेक कुटुंबे एकाच वयाची असतात. त्यांची मुले एकदमच शाळेत येतात आणि पंधरा-वीस वर्षांनी एकदमच शाळेबाहेर पडतात. यास्तव केवळ अधिक खोल्या बांधणे हे उत्तर नव्हे. पुढे पट उतरला, तर ग्रंथालय, प्रौढांचे वर्ग किंवा बालवाडी यांना उपयोगी पडेल अशी इमारत दूरदृष्टीने बांधली पाहिजे.

शाळेला मध्यभागी ठेवून वस्ती रचावी, हा विचार काही नवा नाही. अमेरिकेतील क्लॅरेन्स पेरी या विचारवंताने १९२९ मध्ये जी शेजारवस्तीची कल्पना मांडली, तिचे माप प्राथमिक शाळा हेच होते. एका शाळेला पुरेल एवढीच एक वस्ती असावी आणि मुलाला शाळेत जाताना हमरस्ता ओलांडावा लागू नये, असे त्याचे म्हणणे होते. भारतात चंडीगढची रचना करताना प्रत्येक विभागाच्या आत शाळा, दुकाने आणि हिरवळ यांची सोय योजण्यात आली. महाराष्ट्राच्या नियमांतही पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे तत्त्व मान्य केलेले आहे. तत्त्वाची उणीव नाही. उणीव आहे ती वेळेवर केलेल्या कृतीची.

ही कृती कोणती असावी? मोठ्या वसाहतीस परवानगी देतानाच तिच्या परिसरातील शाळांत किती जागा शिल्लक आहेत, याची मोजणी व्हावी आणि ती लोकांना पाहता यावी. शाळेची जमीन घरे उठण्यापूर्वी ताब्यात यावी. वसाहत टप्प्याटप्प्याने बांधली जात असेल, तर शाळेच्या खोल्याही त्याच टप्प्यांनी वाढाव्यात. वाढत्या वस्तीत पुढील वर्षी येणाऱ्या मुलांचा अंदाज घेऊन शिक्षकांची नेमणूक व्हावी. यासाठी खर्च येईल, हे निःसंशय. परंतु ज्या जमिनीचे मोल वस्तीमुळे अनेक पटींनी वाढले, त्या वाढीतला थोडा वाटा वस्तीच्या मुलांना मिळावा, यात अन्याय कसला?

नागरिकांचेही यात कर्तव्य आहे. कायद्याने सार्वजनिक शाळेची व्यवस्थापन समिती नेमली असून तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. नव्या इमारतीतील सुशिक्षित माणसाने ‘ही शाळा माझ्या मुलाची नव्हे’ असे म्हणून पाठ फिरविली, तर शाळेचा एक मोठा आधार तुटतो. त्याने तिच्या ग्रंथालयाकडे, पाण्याकडे, अंगणाकडे आपुलकीने लक्ष दिले, तर जुने गाव आणि नवी वस्ती यांच्यामधील कुंपण आपोआप ठेंगणे होईल.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचे आणि मोफत करण्याचा कायदा केला. ज्या काळी शाळेच्या दारापर्यंत येणेच अनेकांना दुर्लभ होते, त्या काळी या थोर पुरुषांनी ते दार सर्वांसाठी उघडण्याचा ध्यास घेतला. आज दार उघडे आहे आणि मूलही दाराशी आले आहे. अशा वेळी आत जागा नाही म्हणून त्याला परत जावे लागू नये, एवढी काळजी घर बांधणाऱ्याने, घरात राहणाऱ्याने आणि गावचा कारभार पाहणाऱ्याने मिळून घ्यावयाची आहे.