टिळकांच्या अभंगाला ड्रमसेट चालतो

गेले वर्षभर मी ख्रिस्ती रॉक ऐकतो आहे. बहुतेक गाणी जगाला जुनी, मला नवी. ती ऐकता ऐकता एक मत पक्के झाले, आणि ते चर्चच्या मासिकात न देता मंडळाच्या अंकात देतो आहे, कारण त्यातला निम्मा भाग आपल्या मंडळालाच उद्देशून आहे. मराठी चर्चमधल्या पोरांनी हातात गिटार घेतली, ड्रम आणले, याचे मला मनापासून कौतुक वाटते. त्यांना कोणी अडवू नये. मात्र त्या ड्रमच्या साथीने इंग्रजी कोरसांची मराठी भाषांतरे गाणे त्यांनी सोडावे आणि नारायण वामन टिळकांचे अभंग घ्यावेत. रॉकला जे जे लागते ते सगळे त्या अभंगांत आहे. आणि दरवर्षी भक्तिसंगीताची संध्याकाळ थाटात करणारे आपण, आपणही ते अभंग आपले म्हणून गावेत.

मी मूळचा शहाडचा. कल्याण सोडून कसाऱ्याकडे निघालेली लोकल पहिली थांबते ते आमचे स्टेशन. उल्हासनगरचे कॅम्प तिथूनच सुरू होतात, सेंच्युरी रेयॉन तिथेच आणि बिर्लांचे विठ्ठलमंदिरही तिथेच. पंढरपूरला जाणे जमले नाही की आषाढीला लोक तिथे रांग लावतात. पावसाळ्यात सिंधी शेजाऱ्यांचे चालिहाचे व्रत असते. कल्याणहून मुरबाड, माळशेज करत नगरला जाणारा रस्ताही शहाडवरूनच जातो. माझे आजोबा त्याच रस्त्याने नगर जिल्ह्यातून कामाच्या शोधात खाली उतरले. सोबत सामान फारसे नव्हते, पण टिळकांची पदे तोंडपाठ होती. आमच्या चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक, एक पेटी, एक ढोलकी आणि झांजा, एवढ्यावर सगळी उपासना चालायची. विठ्ठलमंदिरातल्या भजनाचा ठेका आणि आमच्या ढोलकीचा ठेका एकच होता. त्यात काही विशेष आहे असे तेव्हा कोणालाच वाटले नाही.

आता त्याच चर्चमध्ये माझा भाचा ड्रम वाजवतो. रॉक म्हणजे गोंगाट, असे मी एकदा फोनवर म्हणालो, त्याचा त्याला राग आला. “मामा, आधी पूर्ण ऐक, मधेच बंद करू नकोस,” म्हणाला आणि गाणी पाठवत सुटला.

सगळीच आवडली असे नाही. लॅरी नॉर्मनचा ‘अपॉन धिस रॉक’ हा १९६९चा अल्बम. ख्रिस्ती रॉकची सुरुवात बहुतेक जण तिथपासून धरतात. त्याचे धाडस मोठे. ऐंशीच्या दशकातला स्ट्रायपर हा पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे कपडे घालून प्रेक्षकांत नव्या कराराच्या प्रती भिरकावणारा बँड. त्यांच्या गिटारची सफाई थक्क करते, पण शब्द घोषणेच्या पुढे जात नाहीत. मला धरून ठेवले ते वेगळ्या गाण्यांनी. यू-टू या आयरिश बँडला कोणी ख्रिस्ती बँड म्हणत नाही, पण त्यांच्या १९८३च्या ‘वॉर’ अल्बममधले शेवटचे गाणे, ‘फोर्टी’, चाळिसाव्या स्तोत्रावर बेतलेले आहे. देवाने इतकी वाट का पाहायला लावावी, हा त्यातला प्रश्न. वर्षानुवर्षे त्यांची मैफल याच गाण्याने संपायची. वादक एकेक करून मंचावरून निघून जायचे आणि हजारो लोक साथीवाचून गात राहायचे. आषाढी वारीत विणेकरी पुढे गेला तरी मागची दिंडी गातच असते, ते ज्याने ऐकले आहे त्याला हे गाणे परके वाटणार नाही.

दुसरे गाणे जॉन मार्क मॅकमिलनचे, ‘हाऊ ही लव्हज’. २००२मध्ये त्याचा जिवलग मित्र मोटार अपघातात गेला आणि त्या दुःखात त्याने हे लिहिले. देव प्रेम करतो असे गाणे, आणि तेही मित्र गमावल्यावर लगेच! म्हणून त्या प्रेमात वादळ आहे, मार आहे. पुढे डेव्हिड क्राउडर बँडने २००९मध्ये ते आपल्या अल्बममध्ये घेतले, तेव्हा एका ओळीतली विशेषणे बदलली, कारण मूळची विशेषणे चर्चमध्ये गाताना लोकांना अवघडल्यासारखे व्हायचे. मॅकमिलनने त्याला संमती दिली. मला विचाराल तर मूळचेच खरे. त्या ओळीत स्वर्ग आणि पृथ्वी एकमेकांना भिडतात; ते इस्त्री केलेल्या शब्दांत कसे मावेल?

आणि कीथ ग्रीन. १९७८च्या त्याच्या ‘नो कॉम्प्रमाइज’ अल्बममध्ये ‘अस्लीप इन द लाइट’ नावाचे गाणे आहे. बाहेर माणसे उपाशी, आणि चर्चमधले लोक आशीर्वादावर आशीर्वाद मागत झोपलेले, यावर तो असा तुटून पडतो की ऐकताना खुर्चीत नीट बसवत नाही. अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, १९८२मध्ये, विमान अपघातात तो गेला. दांभिकांची अशी हजेरी मराठीत कोणी घेतली आहे ते वेगळे सांगायला नको. देहूच्या वाण्याने घेतली आहे.

माझा मुद्दा इथून निघतो. चांगल्या ख्रिस्ती रॉकमध्ये देवाशी भांडण असते, रुसवा असतो, स्वतःची आणि आपल्या माणसांची खरडपट्टी असते. नामदेव, जनाबाई, तुकोबा यांच्यापाशी ते मोप आहे. टिळकांनी ते तिथूनच उचलले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. पण शहाडच्या आमच्या चर्चच्या हॉलमध्ये भाषांतर होऊन जे पोचते ते बहुतेक सिडनी-कॅलिफोर्नियाच्या मोठमोठ्या चर्चमधले स्तुतीचे कोरस. स्तुतीला माझी ना नाही. मात्र ज्या आईचा मुलगा गेला, ज्या बापाची कंपनी बंद पडली, त्यांना त्या रविवारी काय गायला द्यायचे? चढत्या सुरातली तीच तीच ओळ त्यांच्या घशातून निघत नाही.

भाषांतराची आणखी एक अडचण आहे, आणि ती गाणाऱ्यालाच कळते. इंग्रजी चालीत जिथे सूर लांबतो तिथे मराठीत ऱ्हस्व अक्षर येऊन पडते. ‘दया’ म्हणताना ‘द’ ताणला की ‘दाया’ ऐकू येते. ‘कृपा’चा ‘कृ’ ओढला की अर्थच हरवतो. पोरे मनापासून गातात, पण शब्द त्यांच्या तोंडात नीट बसत नाहीत आणि म्हाताऱ्यांना नीट ऐकू जात नाहीत.

ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वी ओळखली गेली होती. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने गोव्यात बसून ‘क्रिस्तपुराण’ रचले ते ओवीत. १६१६मध्ये रायतूरला ते रोमन लिपीत छापले गेले. एकोणिसाव्या शतकात नगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. टिळक १८९५मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बेतलेल्या गीतांची वाण नव्हती. टिळकांनी अभंग लिहिले, पदे लिहिली आणि टाळ-मृदंगाचे भजन चर्चच्या आत आणले. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहून त्यांना घराघरांत पोचवले आणि अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले, पण गाणारे टिळक आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहेत? शाळेच्या पुस्तकात ‘केवढे हे क्रौर्य’ येते, त्यातली ती जखमी पक्षीण आपल्याला आठवते, आणि टिळक तिथेच संपतात.

वाद्यावरून भांडणही जुनेच आहे. अमेरिकेतले टीव्हीवरचे धर्मोपदेशक जिमी स्वॅगर्ट यांनी १९८७मध्ये ख्रिस्ती रॉकला मेंढराच्या कातड्यातला लांडगा ठरवणारे पुस्तकच काढले. शहाडच्या वडीलधाऱ्यांनी ते वाचलेले नाही, तरी ड्रमबद्दल त्यांचा सूर तोच. एके काळी हेच ढोलकीबद्दल ऐकावे लागले होते, कारण ढोलकी म्हटली की लोकांना तमाशा आठवायचा. आज त्याच ढोलकीवाचून त्यांना उपासना अळणी लागते.

मागच्या खेपेला शहाडला गेलो तेव्हा हे सगळे तोंडी न सांगता करून पाहायचे ठरवले. संध्याकाळी हॉलमध्ये भाचा ड्रमवर, त्याचा मित्र गिटारवर आणि वर्षानुवर्षे ढोलकी वाजवणारे काका आपली ढोलकी घेऊन बसले. टिळकांचा एक अभंग घेतला. भाच्याने सवयीने दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला स्नेअर हाणला. काकांनी हात वर केला. “बाळा, तुझी थाप शब्दावर पडतीय. शब्द दबतोय. मला आधी ऐक.” आणि त्यांनी भजनी ठेका एकट्याने धरला, आठ मात्रांचा. भाचा थोडा वेळ नुसता ऐकत राहिला. मग त्याने काठी आडवी करून स्नेअरच्या कडेवर हलके वाजवायला घेतले, हाय-हॅट झांजेसारखी ठेवली आणि पायातला बेस ड्रम काकांच्या डाव्या हाताच्या घुमाऱ्याबरोबर बांधला. आठ मात्रांचा ठेका आणि रॉकचा चार-चारचा हिशेब मुळात एकाच घरातले आहेत, ते तिथे कानांनी कळले. मोठ्या अभंगाची ओळ सहा-सहा-सहा-चार अक्षरांची. शेवटचा चार अक्षरांचा तुकडा आखूड, म्हणून त्याच्यामागे आवर्तनात जागा उरते. भजनात ढोलकीवाला तिथे उठाण घेतो. ड्रमर तिथेच फिल मारतो. भाच्याने तो मारला आणि काका हसले.

गिटारीची अडचण वेगळी होती. चाल भैरवीच्या अंगाची. गिटारवाला प्रत्येक शब्दाला नवी कॉर्ड लावायचा आणि कोमल स्वर त्या कॉर्डशी भांडायचे. शेवटी मी त्याला म्हटले, रॉकमधली पॉवर कॉर्डच धर की. पॉवर कॉर्डमध्ये असतो फक्त षड्ज आणि पंचम, गंधार नसतोच. म्हणजे तानपुऱ्याचे जे काम, तेच विजेवर चालणाऱ्या गिटारीने करायचे. त्याने तसे धरले आणि वरची चाल मोकळी झाली. ध्रुपदाला दोघांनी आवाज खुला सोडला तेव्हा हॉल भरून गेला, आणि तरी टिळकांचा एकेक शब्द दारात उभ्या असलेल्या बायकांना ऐकू येत होता. तरुणांना एक सांगावेसे वाटते: हे जुने करून दाखवण्यासाठी केलेले नव्हते. त्या संध्याकाळी वाजले ते रॉकच होते.

हे फक्त आम्हालाच सुचले असेही नाही. मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ हा बँड संतांचे अभंग बेस गिटार आणि ड्रमवर गातो आणि तरुण पोरे त्यावर नाचतात. नेपाळात वाढलेला ख्रिस हेल आणि त्याचे साथीदार ‘आराधना’ या बँडमधून सतार, गिटार घेऊन येशूची हिंदी भजने गायले. यंदा सापडलेल्या संगीतात मला ते सर्वांत जवळचे वाटले. मराठीत असे काम होण्यासाठी लागणारे शब्द शंभर वर्षांपासून तयार आहेत. हिंदीकडे टिळकांच्या तोडीचा ख्रिस्ती अभंगकार मला तरी माहीत नाही.

आता मंडळाबद्दल. आमच्या कार्यक्रम समितीत हा विषय काढला की कोणीतरी म्हणते, धर्माचे वाद मंचावर नकोत. मग शेख महंमदांचे नाव आपण संतमालिकेत अभिमानाने घेतो ते कसे? वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा विरोधही झाला, पण संमेलन पार पडले आणि मराठी काही लहान झाली नाही. टिळकांनी १९१७मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही चालत. ज्या कवीने आपल्या दारावर अट लावली नाही, त्याच्यासाठी आपण दारात अट लावणे बरे दिसत नाही. प्रचाराची भीती ज्यांना वाटते त्यांनी अभंग एकदा ऐकावेत. त्यात पापाची कबुली, आईपाशी मागावे तसे मागणे आणि आपण काहीच नाही ही जाणीव आहे. हे ऐकून कोणी धर्म बदलत नाही. माणूस थोडा नरम होतो इतकेच.

आपल्या इथल्या मुलांकडेही बघा. त्यांच्या हातात टाळ दिला तर ती कोपऱ्यात सरकतात. पण शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवणारी, मित्रांबरोबर स्विचफूट हा बँड ऐकणारी मुले आपल्याच घरांत आहेत. मराठी गाण्यात त्यांना करण्यासारखे काम आपण आजवर दिलेले नाही. अक्षरांचा हिशेब, ठेका, उठाणाची जागा, हे त्यांना वाजवतानाच समजेल, आणि समजले की शब्दांचा अर्थ ती स्वतःहून विचारतील.

म्हणून येत्या भक्तिसंध्येसाठी मी समितीला लेखी मागणी दिली आहे: तुकोबांचे दोन अभंग, जनाबाईंचा एक, शेख महंमदांचा एक आणि टिळकांचे दोन, सगळे एकाच संचात, एकाच ठेक्यावर. ढोलकी आणि पेटीची सोय आहे, ड्रमला दोन मुले तयार आहेत. बेस गिटार वाजवणारे कोणी असेल तर मला फोन करा. तालीम रविवारी दुपारी, चर्च आटोपल्यावर, माझ्या घरी.