दुखण्याचे शब्द आणि भौतिकोपचाराचे शिक्षण

मध्यंतरी खांदा आखडला आणि एका भौतिकोपचार महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दीड महिना जाणे-येणे झाले. उपचार करणारी मुलगी शेवटच्या वर्षाला होती. हात कसलेला, सांधा कुठवर न्यायचा आणि कुठे थांबायचे हे ती नेमके जाणत होती. पहिल्या दिवशी तिने विचारले, "काका, दुखणं दहापैकी किती?" मी म्हणालो, "दिवसा रग लागते; रात्री कुशीवर वळलं की कळ येते." ती क्षणभर थांबली आणि तिने कागदावर सहा लिहिले.

दोष तिचा नाही. तिला जे शिकवले तेच तिने केले.

भौतिकोपचार ही हाताने शिकण्याची विद्या आहे. स्नायू चाचपणे, सांध्याचा कोन मोजणे हे विद्यार्थी एकमेकांच्या अंगावर शिकतात आणि ते योग्यच आहे. मात्र विशीतल्या धडधाकट वर्गमित्राचा खांदा तक्रार करीत नाही. वैद्यकशिक्षणातील अशीच उणीव ओळखून हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात पढवून तयार केलेला रुग्ण आणला. पुढे १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडीच्या रोनाल्ड हार्डेन यांनी 'ऑस्की' ही परीक्षापद्धती मांडली: ठरलेली मिनिटे, ठरलेली तपासयादी, घंटा वाजली की पुढचे मेज. परीक्षकाच्या लहरीला तिच्यात वाव कमी, हा तिचा मोठाच गुण.

योगायोग असा, की त्याच १९७५ साली मॅकगिल विद्यापीठातील रोनाल्ड मेलझॅक यांची वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. तिच्यात वेदनेचे ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत. वेदना किती हे आकडा सांगेल. ती कोणत्या जातीची हे शब्दच सांगतात, ही त्यामागची दृष्टी. आपल्याकडे परीक्षापद्धती रुजू लागली. ही दृष्टी मात्र वर्गात फारशी उतरलेली दिसत नाही. नुसत्या भाषांतराने ती उतरणारही नाही. ठणका, चमक, उसण, ठसठस, मुंग्या यांना एकास एक इंग्रजी शब्द शोधू पाहावेत, म्हणजे अडचण कळते. "चाललं की पाय भरून येतात, बसलं की बरं वाटतं," असे एखादी आजी सांगते, तेव्हा मणक्यातली जागा अरुंद झाल्याची किंवा पायांना रक्त कमी पडत असल्याची शंका ऐकणाऱ्याला यायला हवी. 'पाय दुखतात' एवढेच टिपले तर ती वाट तिथेच बुजते.

माझी सूचना साधी आहे. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याने एक वही ठेवावी: वर रुग्णाचे वाक्य त्याच्याच बोलीत, खाली शास्त्रीय संज्ञा. परीक्षेत या वहीला गुण असावेत. गुणांवाचून आपल्याकडे काही टिकत नाही. आपण भाषेची माणसे इथे उपयोगी पडू शकतो. वऱ्हाडी किंवा मालवणी माणूस आपले दुखणे कसे सांगतो, हे वर्गात समजावणे आपल्या विभागांना अवघड नाही.

परराज्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांना हे जड जाईल, असा आक्षेप येईल. त्यांना तर ही वही पहिल्याच महिन्यात हवी. समोर बसलेली आजी काही इंग्रजी शिकून येणार नाही.