वस्तूला जागा की माणसाला?

वर्षावास म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने. या काळात विहाराविहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालते. याच तीन महिन्यांत आपल्या वस्त्यांत डेंग्यूचा ताप, न थांबणारा खोकला आणि उंदरांचा सुळसुळाटही वाढतो. या दुखण्यांचे एक मूळ नाल्यात आणि कचराकुंडीत आहे, हे सगळे बोलतात. दुसरे मूळ कॉटखाली आणि पोटमाळ्यावर आहे, त्याबद्दल आपण बोलत नाही. म्हणून या वेळी घरातल्या अडगळीविषयी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. अडगळ म्हणजे घाणेरडेपणा नव्हे. वस्तीतली माणसे अशीच राहतात, असे नाक मुरडून म्हणणाऱ्यांनी दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांचा संसार एक महिना मांडून दाखवावा. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. मग घरात पिंप आणि कॅन वाढणारच. खराबवाडीत, नाणेकरवाडीत भाड्याने राहणाऱ्याचे कंत्राट कधी संपेल आणि खोली कधी बदलावी लागेल याचा नेम नाही. त्याची खोकी बांधलेलीच राहतात. बंद पडलेला मिक्सर आपण टाकत नाही, कारण नवा घ्यायला बोनसची वाट पाहावी लागते. ज्याच्या हातात उद्याची खात्री नाही, तो वस्तू धरून ठेवतो. यात लाजण्यासारखे काही नाही.

पण कारण खरे असले तरी त्याची किंमत आपणच मोजतो. साधा हिशोब करा. दहा बाय दहाची खोली म्हणजे शंभर चौरस फूट. त्यात पाच फूट लांब, दोन फूट रुंद असा अडगळीचा ढीग असेल, तर दहा चौरस फूट गेले, म्हणजे घराचा दहावा हिस्सा. खोलीचे भाडे चार हजार धरले, तर त्या ढिगापोटी आपण महिन्याला चारशे रुपये भरतो. भंगारवाला त्याचे एकदाच दोनशे रुपये देईल. आणि तेवढ्या जागेत एक मूल पाय पसरून झोपू शकते किंवा पाट मांडून अभ्यास करू शकते. म्हणून माझे मत असे की छोट्या घरात सर्वांत महाग वस्तू जागा आहे. प्रत्येक जुन्या वस्तूपुढे एकच प्रश्न ठेवावा : ही जागा हिला द्यायची की माणसाला?

आरोग्याचा हिशोब याहून कडक आहे. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून पाणी ओतून देणे पुरत नाही. आठवड्यातून एकदा पिंप आतून घासून कोरडे करावे लागते. पत्र्यावर टाकलेला जुना टायर, फुटकी बादली, रंगाचा रिकामा डबा यांत पावसाचे पाणी साचते. डास दिवसा चावतो आणि कॉटखाली, लटकलेल्या कपड्यांमागे, अंधाऱ्या कोपऱ्यात बसतो. कपड्यांचा ढीग कमी झाला की त्याचा आडोसाही कमी होतो.

उंदीर खोक्यांमागे घर करतो. त्याच्या लघवीने ओली झालेली जमीन आणि आपल्या पायाची जखम, एवढे लेप्टोस्पायरोसिसला पुरे होते. खिडकीपुढे सामान रचले की हवा कोंडते, आणि क्षयरोग हवेतूनच पसरतो. घरात कोणी खोकत असेल तर औषधाइतकीच उघडी खिडकी महत्त्वाची. कंपनीतून आणलेला थर्माकोल आणि फोम गॅसच्या शेगडीजवळ असेल तर एक ठिणगी पुरते. म्हणून दारापर्यंतची वाट रात्रीही मोकळी हवी. केमिकलचे आलेले पिंप कितीही धुतले तरी पिण्याच्या पाण्याला वापरू नये. वर्कशॉपचे ऑइल लागलेले कपडे आणि सेफ्टी बूट दाराशीच, वेगळ्या पिशवीत ठेवावेत.

टाकायचे म्हणजे उधळायचे नव्हे. विनयपिटकात एक कथा आहे. राजा उदेनाच्या राण्यांनी भन्ते आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. एवढ्या चीवरांचे हा भिक्खू काय करणार, दुकान मांडणार की काय, असे राजाला वाटले. त्याने विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे फाटली त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे? पलंगपोस करू. ते जुने झाले की गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झटकायचे फडके, आणि शेवटी कुटून मातीत कालवून जमीन लिंपू. आपल्या आज्यांची गोधडी याच वाटेवरची आहे. या कथेत दोन गोष्टी आहेत. वस्तूचा उपयोग शेवटच्या चिंधीपर्यंत करावा, ही एक. आणि प्रत्येक वस्तूचे पुढचे काम आज ठरलेले असावे, ही दुसरी. ‘लागेल कधीतरी’ हे काम नव्हे. काम ठरत नसेल तर ती गरजूला द्यावी किंवा भंगारात घालावी.

एका ढिगाला मात्र हात लावताना घाई नको, तो कागदांचा. जातवैधतेसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला वाळवीने खाल्ला तर नातवाचा प्रवेश अडतो. तसेच वायसीएम रुग्णालयातले केसपेपर, साखरेचे आणि रक्तदाबाचे रिपोर्ट, क्षयरोगाच्या उपचाराची नोंद, ईएसआयसीचे कार्ड. आधी कोणती गोळी चालू होती हे डॉक्टरांना कळले नाही तर उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. एक प्लास्टिकची झाकणाची पेटी घ्या. दाखले एका पिशवीत आणि प्रत्येक माणसाचे औषधपाण्याचे कागद वेगळ्या पिशवीत ठेवा. पेटी उंचावर ठेवा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

हे सगळे करायचे कोणी? आपल्या कितीतरी भगिनी निगडी-प्राधिकरणातल्या घरांत दुसऱ्यांची कपाटे लावून दुपारी घरी येतात. आपले घर आवरायचे कामही पुन्हा त्यांच्याच डोक्यावर टाकणे हा अन्याय आहे. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला आणि २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत स्त्रियांना स्वच्छ राहण्याचा उपदेश केला. तो स्वाभिमानाचा उपदेश होता. त्याचा अर्थ पुरुषांनी खाटेवर बसून ‘घर आवरलं का’ असे विचारावे असा नाही. शिफ्ट संपवून आलेल्या भावाने पिंप घासावे, मुलाने आपली वह्या-पुस्तके लावावीत, सासूबाईंनी कागद निवडावेत. मात्र म्हाताऱ्या माणसाची ट्रंक त्याला विचारल्याशिवाय उघडू नये. त्यात कोणाची शेवटची आठवण असते.

चौदा एप्रिलला घर लख्ख करतो, तसे वर्षभर जमत नाही. जमावे असेही नाही. सुट्टीच्या दिवशी अर्धा तास आणि एकच कोपरा, एवढे ठरवावे. पहिला आठवडा पाण्याची भांडी, दुसरा कॉटखाली, तिसरा खिडकी, चौथा कागद.

आणि घरातले आवरून झाले की दारात उभे राहून महापालिकेलाही विचारावे. रोज पाणी आले तर एवढी पिंपे लागणार नाहीत. घंटागाडी ओला-सुका कचरा नेते, पण मोडका पलंग आणि फाटकी गादी कुठे टाकायची? वस्तीसाठी महिन्यातून एक दिवस मोठ्या सामानाची गाडी यावी, अशी मागणी विहारात बसून, सह्या घेऊन करता येईल. आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने आहेत. ग्रंथवाचनानंतरची दहा मिनिटे त्यासाठी पुरेत.

जय भीम.