'तेवढं' म्हणजे केवढं?

"तेवढं घ्या की करून." मुरगुडात घरी बसून डिझाइनची कामं करणाऱ्याला हे वाक्य रोज ऐकावं लागतं. ठरलेली असते लग्नपत्रिका. मग 'तेवढा' व्हॉट्सअ‍ॅपचा व्हिडिओ येतो, 'तेवढा' मांडवापुढचा डिजिटल फलक येतो, आणि पत्रिकेतली नावं शेवटच्या रात्रीपर्यंत वाढतच राहतात.

यावर शहाणी माणसं सांगतात, हे गाव आहे, इथं धंदा ओळखीवर चालतो; हिशेब मांडलास की गिऱ्हाईक तुटलं. बलुतेदार कुठं प्रत्येक कामाचं बिल फाडत होते?

नव्हते, खरं. पण बलुत्यालाही बांध होता. नांगर-कुळवाची दुरुस्ती सुतार सुगीच्या धान्यावर करायचा. नवी गाडी किंवा घर बांधायचं तर मजुरी वेगळी. शिवाय त्याला वर्षाच्या धान्याचा आधार तरी होता. आमच्याकडून राबणूक बलुत्याची हवी आणि देणं मात्र एका पत्रिकेपुरतं, हा कुठला न्याय?

दुसरं पालुपद, 'दोन मिनिटांचं तर काम'. उसाच्या वजनकाट्यावर किलोकिलोवर डोळा ठेवणारा, डेअरीत फॅटच्या पॉइंटसाठी भांडणारा माणूस माझी दोन मिनिटं मात्र मोजू देत नाही! सरकारी ठेकेदारालासुद्धा निविदेबाहेरच्या कामाचा दर वेगळा मंजूर होतो. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं 70 वं कलम तर सांगतं, की फुकटाचा हेतू नसताना कुणी रीतसर केलेल्या कामाचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते. अर्थात तीनशे रुपयांसाठी कोर्टाची पायरी कोण चढतंय?

म्हणून बोलायचं ते काम हातात घेण्याआधी. मी एका गिऱ्हाइकाचं दोन वर्षं निमूट ऐकलं, आतून कुढलो आणि शेवटी त्याचा फोन उचलणंच सोडलं. गिऱ्हाईक तुटलं ते माझ्या गप्प बसण्यानं. दर त्याला मी कधी सांगितलाच नव्हता. आता पहिल्याच मेसेजमध्ये लिहितो: दोन दुरुस्त्या दरातच, माझी चूक असेल तर कितीही वेळा फुकट. पाहुण्यारावळ्यांना पैसे सोडायचे असतील तरी बिलात रक्कम मांडतो आणि पुढं सूट लिहितो. निदान सोडलेलं दिसतं तरी.

परवा एकांनी 'तेवढा' व्हिडिओ मागितला. म्हटलं, "करतो की अण्णा, ह्याचे तीनशे होतील."

अण्णांनी जरा विचार केला. "मग ऱ्हाऊ दे. तसं काय अडलं न्हाई."