चिऊचा आंबा

लेक मोठी होऊन आपल्या घरी गेली की बापाजवळ आठवणी उरतात, असं म्हणतात. माझ्याजवळही पुष्कळ आहेत. पंच्याहत्तरीत माणूस दुसरं काय साठवणार? पण गेल्या वर्षी घरात एक गोष्ट घडली आणि या माझ्या आठवणींकडे मी जरा संशयाने बघू लागलो. आज त्याबद्दलच लिहायचं आहे. आधी आठवणी सांगतो, त्याशिवाय पुढचा मुद्दा नीट उमजायचा नाही. (आणि खरं सांगायचं तर सांगायची हौसही आहे!)

लेकीचा जन्म १९७९ चा. तिला घरात सगळे चिऊ म्हणतात. आज ती शेहेचाळिशी ओलांडून गेली, पुण्याला बँकेत अधिकारी आहे, केसांत पांढरी बट दिसते, तरी चिऊच. सातारा जिल्ह्यातलं कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव. माझी शाळा गावापासून चार किलोमीटरवर. सायकलच्या दांड्यावर छोटी सीट बसवून घेतली होती, त्यावर चिऊ. घंटीचं खातं तिच्याकडे. रस्त्यात माणूस असो, म्हैस असो, की कुणीच नसो, घंटी वाजायचीच. "कुणी नाही गं समोर," म्हटलं तर म्हणायची, "येईल ना अप्पा आत्ता!" पावसाळ्यात युरियाच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन बसायची आणि आतून पाऊस मोजायची. पाऊस कसा मोजतात ते मला आजही कळलेलं नाही. पण ती आकडा सांगायची आणि मी "बरोबर" म्हणायचो.

सहामाहीचे पेपर घरी तपासायला आणले की ती शेजारी येऊन बसे. मी मार्क द्यायचे आणि तिने बेरीज पडताळायची, असा आमचा करार. आठ वर्षांची असेल. एका पेपरवर माझी बेरीज सदतीस आणि तिची एकोणचाळीस. मला म्हणाली, "अप्पा, या मुलाचे दोन मार्क तुम्ही खाल्ले!" शाळेत कडक मास्तर म्हणून माझी ख्याती, आणि घरात ही तपासनीस.

पुढे ती साताऱ्याला कॉलेजला जाऊ लागली. संध्याकाळची एसटी उशिरा यायची. "तुम्ही स्टँडवर येऊन उभे राहू नका, मैत्रिणी हसतात," असं तिने बजावलं होतं. म्हणून मी स्टँडवर उभा न राहता चहाच्या टपरीमागे उभा राहायचो. ती उतरली, घराच्या वाटेला लागली की मी दुसऱ्या बाजूने निघायचो. तिला हे माहीत होतं, असं तिने लग्नानंतर सांगितलं. २००३ साली तिचं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी मी माजी विद्यार्थ्यांसमोर अक्षरशः हुंदके देऊन रडलो.

आणखी एक आठवण, आणि तीच महत्त्वाची. १९८७ च्या उन्हाळ्यात तिने आंबा खाऊन कोय बांधावर पुरली. आमच्या वडिलांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. दोन उन्हाळे ती तांब्यातांब्याने पाणी घालत होती. रायवळ आंबा, फार गोड नाही, पण धरला. तेव्हापासून त्या झाडाचं नाव 'चिऊचा आंबा'. आमच्याकडे शेताच्या खुणा अजून त्याच्यावरूनच सांगतात. "चिऊच्या आंब्याखालच्या तुकड्यात घेवडा टाकलाय," "चिऊच्या आंब्यापाशी जेवण घेऊन ये." झाडाला तिचं नाव होतं. शेताला नव्हतं. आणि यात काही विसंगती आहे हे मला अडतीस वर्षं जाणवलं नाही.

तर आता गेल्या वर्षीची गोष्ट. आमची वडिलोपार्जित जमीन ऐंशी गुंठे, म्हणजे दोन एकर. धाकटा मुलगा तालुक्याला दुकान सांभाळून ती जमीन बघतो. तो स्वार्थी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तो म्हणाला, "अप्पा, तुमचे हातपाय चालतायत तोवर कागद नीट करून घेऊ. मागं राहिलेल्यांना हेलपाटे नकोत." म्हणणं रास्त होतं. तहसील कचेरीसमोर बसणाऱ्या एका जाणकाराकडे आम्ही गेलो. त्याने मान वर न करता सांगितलं, "मुलीचं हक्कसोडपत्र घेऊन टाका. बाकी सोपं आहे." पोराने माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

घरी येऊन मी चिऊला फोन केला. सगळं समजावून सांगितलं. ती बँकेतली, तिला कागद कळतात. तिने एवढंच विचारलं, "कुठल्या तारखेला येऊ?" मी तारीख सांगितली. मग थोडा वेळ ती गप्प होती. नंतर म्हणाली, "अप्पा, आंबा कुणाच्या वाट्याला येतो?"

आवाजात राग नव्हता की रुसवा नव्हता. सहज विचारावं तसं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. "बघतो," म्हणून फोन ठेवला. रात्री झोप लागली नाही. आणि मला आक्का आठवली.

आक्का माझी थोरली बहीण. १९८८ साली वडील गेले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या वाट्यात मुलीलाही वारसा होता, पण गावात तो कायदा कुणी वापरल्याचं मी पाहिलं नव्हतं. बाराव्या-तेराव्याचे विधी आटोपले, पाहुणे पांगायच्या आत कागद तयार झाला आणि आक्काने सही केली. कुणी तिला काही विचारलं नाही. मीही नाही. मी तर बीए झालेला, शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारा! समान हक्कांवर टीप लिहा, असा प्रश्न मी किती वेळा काढला असेल. आक्काला आम्ही चांगलं लुगडं घेतलं आणि "बहिणीने मन मोठं केलं" असं चारचौघांत कौतुकाने सांगितलं.

पुढे तिचे यजमान गेले. मग ती अधूनमधून आमच्याकडे येऊन राही. एकदा घेवड्याच्या दिवसांत आम्ही शेतात होतो. आक्का बांधावर उभी राहून आमच्या हिला म्हणाली, "भाजीपुरत्या चार शेंगा तोडू का गं?" ही म्हणाली, "असं काय विचारता वन्सं?" विषय तिथेच संपला. पण बघा, ज्या शेतात तिने लहानपणी राखण केली, भांगलण केली, त्याच शेतातल्या मूठभर शेंगांसाठी तिला भावजयीची परवानगी मागावी लागली. तिला कुणी हाकललं नव्हतं. मान होता, ताट होतं, भाऊबीज होती. हक्क तेवढा नव्हता. आक्का आज हयात नाही. तिला विचारायचं राहून गेलं.

मायेचं आणि हक्काचं आपण असं वाटप करून टाकलेलं आहे. माया लेकीला, सातबारा लेकाला. आम्ही बाप लोक लेकीच्या आठवणींनी गहिवरतो, पाठवणीची गाणी लागली की डोळे पुसतो, आणि तेवढ्यात आपलं देणं फिटलं असं समजतो. गहिवराला ना स्टँप लागतो ना नोंदणी. म्हणून तो आम्हाला परवडतो. गहिवर खोटा असतो असं मी म्हणत नाही. माझा तर खोटा नव्हताच. पण खऱ्या मायेनेसुद्धा अन्याय झाकला जातो, एवढं मला या वयात कळलं.

नंतर मी कायदा नीट समजून घेतला. तो सगळ्यांनीच समजून घ्यावा म्हणून थोडक्यात सांगतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्माने मुलाइतकाच हिस्सा महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून दिला. मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. मग केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि लग्न झालेल्या, न झालेल्या सगळ्या मुलींना हा हक्क मिळाला. त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत का, यावर वाद चालले. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की तशी अट नाही, कारण हक्क जन्मानेच आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत. आणि बापाने स्वतः कमावलेलं असेल तर ते तो मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो. वडिलोपार्जित मालमत्तेत त्याला फक्त आपल्या हिश्श्यापुरतं मृत्युपत्र करता येतं.

म्हणजे १९९४ च्या जूनमध्ये, चिऊ दहावीच्या वर्गात जाऊन बसली त्या महिन्यात, कायद्याने ती त्या जमिनीत माझ्या बरोबरीची झाली होती. आणि मी एकतीस वर्षांनी तिला फोन करून "सही करायला ये" म्हणत होतो!

यावर लोक काय म्हणतात तेही ऐकलं आहे. "जमिनीचे तुकडे पडतात." दोन मुलगे असले तर पडत नाहीत का? तेव्हा कुणी धाकट्याकडून हक्कसोड घेत नाही. "लग्नात खर्च केला की." लग्न मुलाचंही केलं. त्याच्या वाट्यातून मांडवाचा खर्च कुणी वजा करत नाही. "जो राबतो, आईबापांना बघतो, त्याचं काय?" हा प्रश्न मात्र खरा आहे. राबणाऱ्याला त्याच्या कष्टाचं मिळालंच पाहिजे. पीक त्याने घ्यावं, बहिणीने हवं तर वाट्याने कसायला द्यावं, नको असेल तर राजीखुशीने सोडावं. पण सोडायचं झालं तर आधी ते तिचं असायला हवं. जे हातात कधी दिलंच नाही ते सोडायला सांगायचं, आणि वर त्याला मनाचा मोठेपणा म्हणायचं, हे बरं नव्हे.

आणि बहिणी सही का करतात? राजीखुशी असते थोड्यांची. बाकीच्यांना माहेर तुटण्याची भीती असते. हिस्सा मागितला तर दिवाळीला बोलावणं येणार नाही, ही ती भीती. ही भीती आपण त्यांच्या मनातून काढत नाही, कारण ती आपल्या सोयीची आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की लेकीला मागायची वेळ आणू नये. बापाने आपल्या हयातीत, आपल्या हाताने द्यावं. मागून भांडण भावाबहिणीत लागतं आणि बाप फोटोत हार घालून बसलेला असतो.

मी मुलाशी बोललो. सोपं गेलं नाही. तो दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ताईला विहिरीचं पाणी लागणारच की. विहीर सामाईक ठेवू." मला त्याचा अभिमान वाटला. कागद करताना हिचाही वाटा धरला. पन्नास वर्षं त्या शेतात राबलेल्या बाईचं नाव तिथे नव्हतं, हीदेखील माझ्या ध्यानात न आलेलीच गोष्ट. चौघांना प्रत्येकी वीस गुंठे. आंबा चिऊच्या वाट्यात.

माझी हयात हजेरीपटावर नावं लिहिण्यात गेली. आधी सगळे मुलगे, मग रेघ मारून मुली, अशी तेव्हाची पद्धत होती. मुलींची नावं शेवटी, पण लिहिली तरी जायची. स्वतःच्या लेकीचं नाव जिथे लिहायचं होतं तो कागद मात्र मी कोरा ठेवला होता.

नोंद झाल्यावर चिऊ गावी आली. मी उताऱ्याची प्रत मोठ्या कौतुकाने तिच्या हातात ठेवली. मला वाटलं, आता हिचे डोळे भरून येणार. तिने चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचला आणि म्हणाली, "अप्पा, माझ्या नावात पहिली वेलांटी हवी, यांनी दुसरी दिलीय. तुम्ही बघितलं नाही?"

छत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या मास्तरच्या नजरेतून वेलांटी सुटली होती! आता दुरुस्तीचा अर्ज करायचा आहे. सोमवारी जाईन म्हणतो.