हिरवा दिवा लावायची घाई नको

मंडळी, माझं मत अगदी ठाम आहे. मेल सर्व्हरची सेटिंग्ज भरून घेणाऱ्या प्रोग्रामने ती तपासल्याशिवाय 'सेव्ह झालं' म्हणूच नये. चूक राहिली तर प्रोग्रामरचं काही बिघडत नाही. पासवर्ड विसरलेली एखादी मावशी मात्र 'मेल येईल' म्हणून तासभर बसून राहते.

तपासणी तशी सोपी. जोडणी करायची, लॉगिन करायचं आणि पत्र न टाकताच निरोप घ्यायचा. २३५ आला की लॉगिन झालं, ५३५ आला की नाव-पासवर्ड नामंजूर. ४६५ पोर्टवर सुरुवातीपासूनच टीएलएस लागतं. तिथे साधं बोलायला गेलं, की दोघंही 'पहिले आप' करत बसतात. म्हणून टाइमआउट हवाच. नोडमेलरमध्ये तर यासाठी 'व्हेरिफाय' आयतं मिळतं.

पण तेवढ्यावर हिरवा दिवा लावू नये. लॉगिन झालं तरी प्रेषकाचा पत्ता सर्व्हर नाकारू शकतो, नाहीतर पत्र स्पॅममध्ये जाऊन पडतं. तेव्हा एक खरं पत्र स्वतःला पाठवावं आणि ते उघडून बघावं. सर्व्हर काही कुरकुरला, तर त्याचे शब्द जसेच्या तसे दाखवावेत. नुसतं 'काहीतरी चुकलं' वाचून कुणाचं भलं झालंय?

असो. तुम्हाला काय वाटतं?